गुलाबी पाण्याची जागा

“खोटं हाय! ह्यो मानूस साफ खोटं बोलतोय! पानी म्हसोबाकडनं न्हाई, उंबराकडनं आलं हुतं. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय!”

शेवंतावैनी ओरडत होती. शाळेच्या पटांगणात, साऱ्या गावादेखत. एका हाताने डोक्यावरचा पदर गच्च धरलेला, दुसरा हात माझ्या तोंडावर रोखलेला. जमिनीवर आमच्या गावाचा नकाशा काढलेला होता — राखेचे डोंगर, निळीचे ओढे, विटांच्या तुकड्यांची घरं — आणि उठायच्या घाईत तिचा पाय एका ओढ्यात पडला होता. तिच्या टाचेला लागलेली ती नीळ मला अजून दिसते.

मग मी एक वाक्य बोललो. एकच. सगळं गाव हसलं. ती खाली बसली आणि पुन्हा बोलली नाही.

ते वाक्य काय होतं, तेच सांगायला बसलोय. पण जरा दमानं घेऊ द्या. नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट, आणि चारचौघांत मी ती अजून उघडलेली नाही. घरात नाही, पारावर नाही, तिसगावच्या बाजारात तर नाहीच. एका माणसाला सांगितली, एकदाच — ते शेवटी येईल.

आणि तुम्ही म्हणाल, सखाहरीला अडखळायला काय झालं?

खरं आहे. मी थापाड्या माणूस. हे लाजून सांगत नाही, मला त्याचा अभिमान होता. आमच्या बाजूला कुठंही सखाहरी म्हणा, लोक गोष्ट ऐकायच्या आधीच हसायला लागतात. आमच्या माळावर वारा असा सुटतो की कोंबडीनं खुराड्यात घातलेलं अंडं शेजारच्या गावात जाऊन फुटतं — हे माझं. बाजारात विकलेला बोकड माझ्याआधी घरी पोचला आणि दारात उभा राहून म्हणाला, ‘लई उशीर केलास’ — हेही माझंच. मला विंचू चावला आणि तो बिचारा जागच्या जागी मेला, मी त्याच्या दहाव्याला गेलो होतो, हे तर आता शाळेतली पोरं एकमेकांना सांगतात. असल्या थापांनी कुणाचं काय बिघडतं? सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. त्यात खोटं कुठं आलं?

खोटं निराळं असतं. ते मी एकदाच बोललो, आणि त्यात एकही थाप नव्हती.

आमचं गाव दोन उतारांच्या मध्ये बसलेलं. मावळतीला म्हसोबाचा उतार. त्याच्या पायथ्याला आमची, म्हणजे जमीनवाल्यांची रानं आणि विहिरी. माझी विहीर त्यातली शेवटची, नवी खोदलेली, आणि होळीनंतर इतकी कोरडी की तिच्यात बेडूकसुद्धा घाम पुसत बसायचा. उगवतीला उंबराची घळ. तिच्या खाली बौद्ध वस्ती, आणि वस्तीचा आड.

त्या आडाचं थोडं सांगायला पाहिजे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तो स्वतःच्या हातांनी खोदलेला. दीक्षा घेऊन गावी परत आले आणि पहिलं काम त्यांनी हे केलं. त्याआधी त्यांच्या बायकांना गावाच्या विहिरीपाशी घागर ठेवून लांब उभं राहावं लागायचं. कुणाला दया आली, कुणी वरून ओतलं, तर पाणी. आड झाला त्या दिवसापासून वस्तीतल्या एकाही बाईनं गावाकडं पाणी मागितलं नव्हतं. आणि आडही कसा — आमच्या विहिरी तळ दाखवायच्या, पण ह्याला मिरगापर्यंत पाणी. लोक म्हणायचे, जिवंत झरा लागलाय. झरा कुठून येतो? ते कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे, दोघांना होतं. एक शेवंतावैनी. दुसरा मी.

त्या साली एक संस्था गावात आली. पाणी अडवायचं, माती धरून ठेवायची, असं त्यांचं काम. पण पहिल्या टप्प्यात एकच उतार बंद करता येणार होता. बंद म्हणजे तिथं चराई नाही, कुऱ्हाड नाही; चर खणायचे, झाडं लावायची, गवत वाढू द्यायचं. आमचे लोक त्याला ‘डोंगराला कुलूप’ म्हणायला लागले. आणि दुसरा उतार? तो उघडा. साऱ्या गावाची जनावरं, साऱ्या गावाचं सरपण, बांधाचे दगड, रस्त्याचा मुरूम — सगळं त्याच्याच अंगावर. कुलूप कुठं घालायचं ते गावानंच ठरवायचं, असा संस्थेचा नियम होता. म्हणून ती सभा, आणि तो रांगोळीचा नकाशा.

संस्थेची एक ताई होती. अंगानं काडी, आवाज मात्र घंटेसारखा. तिनं पुरुषांना बाजूला सारलं आणि बायकांच्या ओंजळीत चिंचोके दिले. म्हणाली, ज्या डोंगरातून जे आणता ते त्या जागेवर ठेवा. सरपणाचे चिंचोके, चाऱ्याचे, केरसुणीच्या गवताचे, मधाचे, पाण्याचे. आमचे लोक कडेला तंबाखू मळत खिदळत होते. “आता डोंगराची बी खानेसुमारी! त्येचं बी रेशनकार्ड काढा म्हनावं!” हे वाक्य बहुतेक माझंच. पण चिंचोके पडत गेले तसं हसू आटत गेलं. डोंगर म्हणजे नुसता डोंगर, असंच आम्ही समजत होतो. आणि इथं तर दिसत होतं की अर्ध्या गावाची चूल, झाडू, शेळी आणि घागर त्या उंबराच्या घळीला बांधलेली आहे. वस्तीतल्या बायकांनी पाण्याचे सगळे चिंचोके तिथंच ठेवले. म्हसोबाच्या बाजूला आमच्या विहिरी होत्या, पण त्या पडल्या शेताच्या.

ताईनं नकाशाभोवती एक फेरी मारली. म्हणाली, “मला तर स्पष्ट दिसतंय. पिण्याचं पाणी सगळ्यात आधी. नाही का?”

माझे चुलते, नाना, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “सखाहरी, बोल की कायतरी. येरवी तर तुजं तोंड मिटत न्हाई.”

आणि मी उठलो.

नानांनी ढोसलं म्हणून उठलो, असं मी स्वतःला किती तरी वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मी दोन दिवस आधीपासून ती गोष्ट घोळवत होतो. उन्हाळी नांगरट चालू होती. तासामागून तास मी ती बैलांना सांगून पाहिली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, कुठं स्वतःच आधी हसायचं. बैल हसत नाहीत हा त्यांचा मोठा गुण — आपण कुठं अडखळतो ते नीट कळतं. आणि एका ठिकाणी मी दर वेळी अडखळत होतो. एकाच शब्दावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो शब्दही तोंडातून सरळ यायला लागला.

आता आधी खरी हकीकत ऐका, म्हणजे शब्द कुठला ते कळेल.

सभेच्या सतरा-अठरा वर्षं आधीचा पोळा. मी तेव्हा सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, अक्कल नाही. बैल धुवायला उंबराच्या घळीत नेले होते. बैलांच्या अंगावर पेल्यानं ठसे उठवायचा गुलाबी रंग कनवटीला — मोठी पुडी, दहा बैलांना पुरेल एवढी. उंबराच्या मुळाशी खडकात एक कपार होती. वरून येणारं पाणी तिच्यात घुसायचं आणि गडप व्हायचं, घोट घेतल्यासारखा आवाज करत. मला वाटलं, ही कपार पिते, तर पिऊन जाते कुठं? आणि अख्खी पुडी आत झाडली. बास. एवढंच. खोडी म्हणा, खाज म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीचा आड गुलाबी.

शेवंतावैनी तेव्हा नवी नवरी. पहिली बादली तिनंच शेंदली. मी लांबून बाभळीआडून बघत होतो — तिच्या हातात ती बादली, तोंड उघडं, आणि सासू कपाळ बडवतेय. मी पोट धरून हसलो. मग वस्तीतली माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, गावानं आडात विष टाकलं. कुणी म्हणालं, पाथर्डीला जाऊन पोलिसांत देऊ. माझं हसू तिथंच गोठलं. दिवसभर त्यांनी बादल्यांनी आड उपसला. लक्ष्मणदादा, वैनीचा नवरा, दोराला लोंबकळत आत उतरला आणि तळ घासत बसला. मी घरी जाऊन सणाची उरलेली पुरणपोळी खाल्ली. कुणाला काही बोललो नाही. गावाच्या नावानं ती शंका वस्तीच्या मनात तशीच राहिली.

एकट्या नव्या नवरीनं वेगळा विचार केला. ती ओढ्यानं वर चढत गेली आणि तिनं उंबराखालचा दगड बघितला. गुलाबी. घरी येऊन तिनं सांगितलं. पण दोन महिन्यांच्या सुनेचं कोण ऐकणार? सासू म्हणाली म्हणे, डोंगर हिंडत बसण्यापेक्षा भाकरी थाप.

तर ही हकीकत. आता सभेत मी काय केलं?

मी कबुली दिली.

हो, कबुली. साऱ्या गावासमोर, हात जोडून. म्हणालो, “लोकहो, आज पोटातलं वकून टाकतो. त्या पोळ्याला वस्तीचा आड गुलाबी झाला हुता ना? त्यो रंग मी टाकला हुता.” मग मी सगळं सांगितलं. बैल, पुडी, कपार, बाभूळ, माझी तंतरलेली अवस्था. हातवारे करून, स्वतःची फजिती करून. वस्तीतले धोंडीबाबा, सत्तरीचे, काठी आपटत उठले. मला वाटलं, मारतात आता. आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आरं चोरा, तू हुतास व्हय! आन आमी इतकी वर्सं समद्या गावाच्या नावानं बोटं मोडली की रं!” वस्ती हसली, गाव हसलं. किती वर्षांची एक गाठ सुटली. नानांनी डोळे पुसले. ताईचेसुद्धा डोळे चमकले.

सगळं खरं होतं. फक्त कपार मी उचलून म्हसोबाच्या उतारावर ठेवली होती.

‘उंबराखाली’च्या जागी ‘म्हसोबामागं’. एवढाच शब्द. बैलांपुढं जो अडखळत होता तो.

म्हणजे कळलं ना तुम्हाला? वस्तीचं पाणीही म्हसोबाकडूनच येतं. मग कुलूप म्हसोबाच्या उताराला घाला — आमच्या विहिरींनाही पाणी, वस्तीच्या आडालाही पाणी. कुणाचं काही जात नाही! ताई खाली वाकली. तिनं वस्तीच्या बायकांनी ठेवलेले पाण्याचे चिंचोके उंबराच्या घळीतून एक-एक करून उचलले आणि म्हसोबाच्या पायथ्याला नेऊन ठेवले. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. मला थांबवता आलं असतं. दर चिंचोक्याला थांबवता आलं असतं.

तेव्हा शेवंतावैनी उठली आणि ओरडली. उंबराखालचा दगड म्या बघितलाय, म्हणाली. ह्यो मानूस खोटं बोलतोय, म्हणाली.

आणि मी ते वाक्य बोललो.

आमच्याकडं दीर-भावजयीची थट्टा चालते. भावकीत नसली तरी गावच्या नात्यानं चालते. त्यावर कुणी रागवायचं नसतं, रागावलं तर त्याचंच हसं होतं. मी त्या रितीच्या आडोशाला गेलो. हसत हसत म्हणालो, “वैनी, तवा तुमी नव्या नवरी. लक्ष्मणदादा नुकता पदरात पडलेला. तुमाला तर समदा डोंगुरच गुलाबी दिसत आसंल!”

गाव फुटलं हसून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, वस्तीतल्याही. धोंडीबाबा हसले. ती सासू, जिनं तेव्हा ऐकलं नव्हतं, तीही हसली.

लक्ष्मणदादाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

हे मला ठाऊक नव्हतं का? मी त्याच्या मातीला गेलो होतो. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. तिला दुसऱ्या कशानं गप्प करता येणार नाही, हे मी जाणून होतो. वैनीनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, तो असता तर बरं झालं असतं. ती खाली बसली, पदरानं टाचेची नीळ पुसायला लागली, आणि सभा उठेपर्यंत ती टाच पुसत राहिली.

अजून एक राहिलं. तेही काढून टाकतो.

संस्थेच्या सर्व्हेचे एक साहेब होते, तरुण, चष्मेवाले. सभा संपता संपता ते मला म्हणाले, “आण्णा, सोपं आहे की. पाऊस पडला की तुमच्या त्या जागेत पुन्हा रंग टाकून बघू. दोन्ही ठिकाणी बघू.” पण थापाड्याची जीभ कधी उपाशी राहत नाही. मी छाती काढून म्हणालो, “सायेब, मान्सं पितात त्यो आड हाय. पोरपनी चूक झाली ती झाली. आता परत त्येंच्या पान्यात रंग टाकायला मी व्हय म्हननार न्हाई. ह्येंनी काय आमच्या खोड्याच सोसायच्या का?” धोंडीबाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब ओशाळले. माझ्याच बाजूनं टाळ्या पडल्या, वस्तीच्या.

तिच्या पाण्याची राखण करतोय असं दाखवून मी तिचं पाणी तोडलं. हे वाक्य लिहायला मला किती वर्षं लागली बघा.

कुलूप म्हसोबाला लागलं. आता तुम्हाला वाटेल, काम फसलं असेल. अहो, फसलं असतं तर बरं! असं यशस्वी झालं की काय सांगू. दोन पावसाळ्यांत गवत इतकं वाढलं की आत चुकून गेलेली शेळी बाहेर आली ती दोन करडं घेऊन. आमच्या विहिरी भरल्या. माझी, ती शेवटची, ती तर अशी भरली की वाकून तोंड धुवावं. जीपगाड्यांतून पाहुणे यायला लागले, आणि पाहुण्यांना डोंगर दाखवायला गावानं कुणाला पुढं केलं? मला. मी त्यांना गुलाबी पाण्याची गोष्ट सांगायचो. दर वेळी थोडी वाढवून. आडाचं पाणी प्यालेली म्हैस गुलाबी दूध द्यायला लागली. वस्तीतल्या कोंबड्यांनी गुलाबी अंडी घातली. पाहुणे हसायचे, वहीत लिहून घ्यायचे. दूध कुणी खरं मानलं नाही, अंडी कुणी खरी मानली नाहीत. म्हसोबा मात्र सगळ्यांनी खरा मानला. थापांच्या ढिगाखाली खोटं किती सुखानं झोपतं!

आणि उंबराची घळ? साऱ्या गावाची जनावरं तिकडं. सरपण तिकडून. म्हसोबाच्या चरांना दगड लागले, तेही तिकडून, माझ्याच बैलगाडीतून. पहिल्या वर्षी गवत गेलं. दुसऱ्या वर्षी झुडपं गेली. तिसऱ्या वर्षी उताराची माती वाहून खाली आली आणि उंबराच्या मुळाशी बसली. उंबर अर्धा वाळला. वस्तीचा आड आधी वैशाखात आटला, मग चैत्रात, मग शिमग्याच्या आत. पावसाळ्यात जे पाणी यायचं ते वरून वाहून आलेलं, गढूळ, पोरांची पोटं बिघडवणारं.

मग वस्तीतल्या बायका पाण्याला कुठं गेल्या?

माझ्या विहिरीवर. सगळ्यात जवळची तीच. मी हौद बांधून दिला. मोटर लावली की आधी हौद भरायचा, मग पिकाला पाणी, असा नियम केला. गावात माझं नाव झालं. सखाहरी तोंडानं फटकळ, पण मनानं मोठा, असं लोक म्हणाले. धोंडीबाबा मरायच्या आधी माझे हात हातात घेऊन म्हणाले, “आण्णा, पान्याचं पुन्य लई मोठं.” मी मान हलवली.

त्यांच्या बापजाद्यांनी आड खोदला होता तो माझ्यासारख्याच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून. आणि रोज सकाळी हौदाशी हंड्यांची रांग लागायची, आणि त्या रांगेत शेवंतावैनी असायची. लाईट नसली की त्या बायका तासन् तास बसून राहायच्या. कुणी मला हाक मारत नसे. नुसत्या विहिरीकडं बघायच्या. वैनी सगळ्यात शेवटी बसायची, माझ्याकडं पाठ करून.

ते दशक सरत आलं तेव्हाचा एक पोळा. मी तिसगावहून गुलाबी रंगाची पुडी आणली. बैलांना लावायची म्हणून आणली, पण पाय उंबराच्या घळीकडं गेले. सकाळीच एक सर येऊन गेली होती, ओढा थोडा वाहत होता. कपार सापडेना. पहार घेऊन मी मुळाशी खोदलं — गाळ, मुरूम, लेंड्या. खडकाची कड लागली, पण तोंड बुजून घट्ट झालेलं. तिथं मी पुडी झाडली. आणि बघत उभा राहिलो. पाणी क्षणभर थबकलं, गुलाबी झालं, आणि कपारीवरून सरळ पुढं निघून गेलं. घोट घेतल्याचा आवाज आला नाही. मी त्या पाण्याबरोबर खाली चालत आलो. ते वस्तीजवळून, आडापासून हाकेच्या अंतरावरून, गुलाबीच्या गुलाबी नाल्याला मिळालं आणि गेलं. आडात वाकून बघितलं. तळाला हातभर गढूळ पाणी. रंगाचा ठिपका नाही.

मी तिथून हौदावर आलो. सणाचा दिवस, बाकीच्या बायका पाणी घेऊन गेल्या होत्या. शेवंतावैनी एकटी होती, दोन हंडे घेऊन. तिनं माझे हात बघितले. कोपरापर्यंत गुलाबी.

मी सगळं सांगितलं. उंबर, कपार, पुडी, बैलांपुढची तालीम, तो एक शब्द, चिंचोके, साहेबांना दिलेलं उत्तर. आणि ते वाक्य मुद्दाम बोललो, दादाचं नाव मुद्दाम घेतलं, हेही. जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी न वाढवता सांगत होतो, आणि ती किती लहान होती — हंडा भरेपर्यंत संपली. आता तुम्ही विचाराल, तिला एकटीलाच का सांगितलं? पटांगणात का नाही, जिथं हसवलं होतं तिथं? बरोबर विचारता. हौदाशी तिसरं कुणी नव्हतं म्हणून. सांगूनही माझं काही जाणार नव्हतं म्हणून. संस्थेच्या कागदांत अजून म्हसोबाच आहे, उंबराचा उतार अजून उघडाच आहे, आणि ते बदलायला तोंड उघडायचं होतं ते मी उघडलेलं नाही. हा कागद तरी मी कुणापुढं धरणार आहे, देव जाणे.

वैनीनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली. एक हंडा डोक्यावर घेतला, दुसरा कमरेवर. माझ्याकडं न बघता म्हणाली,

“उद्या मोटर कवा चालू करनार, तेवढं सांगा.”